तेलकट पुस्तक

मी स्वयंपाकाची जुनी पुस्तकं जमवतो, असं मी लोकांना सांगतो. ते अर्धंच खरं आहे. मी एकच पुस्तक शोधत होतो. बाकीची एकशे बासष्ट त्या शोधात हाताला लागली आणि घरी येऊन बसली.

माझं नाव विनायक. वय अडुसष्ट. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं गुणवत्ता विभागात होतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. निवृत्त झालो, पगार थांबला, खोट काढणं थांबलं नाही. नवीन पनवेलला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. एकटा. शेजारी चांगले आहेत, म्हणजे त्रास देत नाहीत. मुलगा विश्वजीत हैदराबादला असतो. दर रविवारी फोन करून "बाबा, जेवलात का?" विचारतो, सकाळी साडेनऊला.

माझी बायको सुमती चार वर्षांपूर्वी गेली. दुपारी चहा ठेवते म्हणाली आणि ओट्यापाशीच खाली बसली. चहा उतू गेला. गॅस मी बंद केला. चौतीस वर्षांच्या संसारात त्या स्वयंपाकघरात माझ्या हातून झालेलं ते बहुधा पहिलं काम असेल.

तेरावा झाला, विश्वजीत परत गेला आणि मी घर आवरायला घेतलं. दुःख झालं की काही माणसं रडतात, काही देवळात जाऊन बसतात. मी आवरतो. स्वयंपाकघराच्या फळीवर पाच पुस्तकं होती. चार नवीकोरी, चकचकीत कव्हरांची. पाचव्याला कव्हरच नव्हतं. हळदीनं पिवळं, तेलानं आरपार दिसणारं, मधोमध दोऱ्यानं बांधलेलं. ते सुमतीच्या आईचं, माहेराहून ट्रंकेतून आलेलं. मी चार ठेवली आणि पाचवं रद्दीच्या गोणीत टाकलं. कारखान्यात आयुष्यभर हेच केलं होतं, डागी नग बाजूला.

पहिलं वर्ष मी पोळी-भाजी केंद्राच्या डब्यावर काढलं. तो डबा वाईट नव्हता. त्याला कसलीच चव नव्हती, त्यामुळे वाईट म्हणायलाही काही जागा नव्हती. मग श्रावणात एकदा बिरडं खायची इच्छा झाली. सुमती ते फार सुरेख करायची. कडवे वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, मग खोबऱ्याचं वाटण, आमसूल, गूळ. तिच्या बिरड्याला घास गिळल्यावर मागे एक धुरकट, भाजकी चव राहायची. ती चव मला दुसऱ्या कुठल्याच घरी कधी भेटली नाही.

मी त्या चार पुस्तकांतलं एक काढलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती. छापखान्यातून आल्यापासून कुणी ती सुटी केली नव्हती. दुसरं काढलं, तेही तसंच. तिसरं मी स्वतः तिला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलेलं. त्यातलं पहिलं पान, जिथे मी माझं नाव लिहिलं होतं, तेवढंच काय ते उघडलेलं होतं.

स्वयंपाकाच्या पुस्तकांत जे घाण तेच कामाचं असतं, हे मला कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. मी कुठल्याही बाईला विचारलं नव्हतं.

टपाल नाक्याजवळ अवधूतचं रद्दीचं दुकान आहे. त्याच्याच टेम्पोनं आमची गोणी उचलली होती. मी गेलो, सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं तसं लोक देवळाबाहेर चपला हरवलेल्या माणसाकडे पाहतात.

"काका, वर्ष झालं. त्याचा आता पुठ्ठा झाला असेल," तो म्हणाला. "पण कधी कधी पुस्तकं आम्ही वेगळी काढतो. इकडून तिकडे जातात. नाव काय पुस्तकाचं?"

नाव मला माहीत नव्हतं. कव्हर नव्हतं म्हणून नव्हे. कव्हर असतं तरी माहीत नसतं. एकच खूण सांगता आली. शेवटच्या पानावर पातेल्याच्या बुडाचा गोल करपट डाग आहे. तो मला पक्का आठवतो, कारण त्यावरून मी आवाज चढवला होता. "पुस्तकावर गरम पातेलं ठेवतात का?" म्हणून. सुमती म्हणाली होती, "चुकून ठेवलं हो." खूण म्हणून माझ्याकडे काय उरलं होतं, तर माझंच ओरडणं.

तेव्हापासून दर शनिवारी टपाल नाका. अवधूत कव्हर नसलेलं, मळकं, स्वयंपाकाचं जे जे येईल ते बाजूला ठेवायचा. मी शेवटचं पान बघायचो. गोल डाग नसायचा. पण रिकाम्या हातानं परत येववत नसे, आणि मग ते पुस्तक घरी यायचं. अशी पहिल्या वर्षात चाळीस झाली. विश्वजीत म्हणाला, "बाबा, यूट्यूबवर सगळं असतं." यूट्यूबवर सगळं असतं खरं. फक्त त्याला तेल लागलेलं नसतं.

वाचता वाचता मला ही पुस्तकं कळायला लागली. पुस्तक टेबलावर उभं धरायचं आणि सोडून द्यायचं. जिथे ते आपोआप उघडतं, ते त्या घरचं आवडतं पान. समासात बायकांची अक्षरं असतात. एका पुस्तकात शंकरपाळ्यांशेजारी लिहिलं होतं, 'तीन वेळा बिघडले. नाद सोडला.' एकात लोणच्याच्या पानावर, 'सासूबाईंना प्रमाण सांगू नये.' एकीनं 'डालडा' खोडून 'तूप' केलं होतं, आणि वेगळ्या शाईनं 'तूप' खोडून परत 'डालडा'. काय झालं असेल त्या घरात, म्हणून मी अख्खी दुपार विचार करत बसलो होतो. एकातून पनवेल ते पेण एसटीचं तिकीट निघालं, एकातून केसांची पिन. मी जेवताना समोर एक पुस्तक उघडं ठेवायचो आणि त्या त्या बाईशी बोलायचो. फार नाही. "मीठ कमीच सांगितलंयस," वगैरे. दिवसभरात तेवढाच आवाज निघायचा तोंडातून.

आणि करायलाही शिकलो. सुरुवातीला पुस्तकात लिहिलंय तसंच करायचो आणि ही जुनी पुस्तकं आठ माणसांखाली बोलत नाहीत. मी आठ माणसांचं पिठलं एकट्यानं चार दिवस खाल्लं आहे. मग भागाकार शिकलो. आठांचं एकावर आणताना मीठ-तिखटाचा हिशेब जमतो, पण अर्ध्या चमच्याच्या आठव्या भागाइतका हिंग कसा घ्यायचा, ते कुठल्याच पुस्तकात नाही. एका माणसासाठी स्वयंपाकाचं पुस्तक कुणी लिहीत नाही.

बिरडं मी एकोणतीस वेळा केलं. वहीत नोंदी आहेत. तारीख, कुठल्या पुस्तकातली कृती, काय बदललं आणि शेवटी निकाल. एकोणतीस वेळा नापास. ती मागची भाजकी चव येत नव्हती. पण खरी भीती वेगळीच होती. विसाव्या-एकविसाव्या वेळेनंतर मला कळेना, की मी नापास करतोय ते कशाशी ताडून? सुमतीच्या बिरड्याची चव जिभेवर शिल्लक आहे, की चार वर्षं तिच्याबद्दल बोलत राहिलो म्हणून शब्दच तेवढे राहिलेत? तिचा आवाज मला फोनमध्ये आहे. फोटो आहेत. चव कुठेच ठेवलेली नव्हती. ती गेली की गेली. ते पुस्तक लवकर सापडलं नाही तर पुढे सापडूनही उपयोग नव्हता. समोर आलेलं बिरडं तिचं आहे की नाही, हे ओळखणारं तोवर कुणी उरलं नसतं.

इथे एक सांगितलं पाहिजे. सुमती अलिबागकडची. तिच्या माहेरी मासळीशिवाय जेवण पुरं होत नसे. आमच्याकडे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. लग्न आम्ही आमच्या मर्जीनं केलं, दोन्ही घरांची नाराजी पत्करून. मासे तिनं स्वतःहून सोडले. मी कधी "खाऊ नकोस" म्हटलं नाही, हे पाहुण्यांना मी अभिमानानं सांगायचो, आणि मी सांगत असताना सुमती पाहुण्यांना आग्रहानं वाढायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी एका रविवारी तिनं सोडे केले होते, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. मी एक शब्द बोललो नाही. घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि संध्याकाळपर्यंत खाली बाकावर जाऊन बसलो. जेवलो खानावळीत. त्यानंतर घरात सोडे मला दिसले नाहीत. माझ्या मते मी फार समजूतदार नवरा होतो.

गेल्या महिन्यात दाराची घंटा वाजली. दारात गंगाबाई.

गंगाबाई बावीस वर्षं आमच्याकडे भांडी घासायला, लादी पुसायला यायची. शिरढोणची. सुमती गेल्यावर महिन्याभरात मी तिला सांगितलं होतं, की एकट्या माणसाची भांडी ती किती, मी घासेन. ती "बरं" म्हणाली आणि गेली. तिचा फोन नंबरही माझ्यापाशी नव्हता. तो सुमतीच्या फोनमध्ये होता. खरं सांगायचं तर चार वर्षांत मी तिची आठवणही काढली नव्हती. ती नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली होती.

मी तिला आत बसवलं, चहा केला. माझ्या हातचा चहा म्हणजे काय, हे बघायला ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि मग तिची नजर फळ्यांवर गेली. एकाच्या जागी आता पाच फळ्या झाल्या होत्या.

"साहेब, एवडी पुस्तकं कसली ही?"

"स्वयंपाकाची," मी म्हटलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवडी आनलीत, मग ताईंचं तेवडं गोनीत का घातलंत?"

माझ्या हातात गाळणं होतं. ते तसंच राहिलं. "तुला काय माहीत?"

"मी जिन्यात बगितलं ना. खाली गोनी ठेवलेली, वरच व्हतं. मी काडून घेतलं." एवढं बोलून ती पदर नीट करायला लागली. बावीस वर्षांत तिला मी घाबरलेली पाहिली नव्हती. किंवा मी तिला पाहिलीच नव्हती. "चोरलं नाय साहेब. तुमी टाकलेलं, म्हनून घेतलं."

मी तिला चहाही धड पिऊ दिला नाही. खाली येऊन रिक्षा केली आणि आम्ही शिरढोणला गेलो. अख्ख्या रस्त्यात मी एकदाच बोललो, "सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं नाय," ती म्हणाली.

तिच्या घरी लग्नाची गडबड होती. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. तिनं आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली आणि तळाशी हात घातला. पुस्तक एका साडीच्या तुकड्यात बांधलेलं होतं. आधी मी साडीच ओळखली, मोरपंखी, सुमतीची. गंगाबाईनं गाठ सोडली. मी उलटं करून शेवटचं पान पाहिलं. गोल करपट डाग.

"तुला तर वाचता येत नाही," मी म्हणालो. आजही मला त्या वाक्याची लाज वाटते. "कशाला ठेवलंस?"

"वाचाया नाय ठेवलं." तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, नाकापाशी नेलं आणि परत दिलं. "ताईंच्या घरचा वास येतो त्याला. आता आमच्या पेटीचाच येतो जास्ती. घेऊन जा, तुमचं हाय."

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. हात धुतले. टेबल पुसलं. दोरा सोडला, पुस्तक उभं धरलं आणि सोडून दिलं.

ते बिरड्यावरच उघडलं.

मला हसू आलं आणि रडूही. चार वर्षांत मी पहिल्यांदा एकटा असताना मोठ्यानं हसलो. एकोणतीस वेळा नापास झालेलं बिरडं, आणि हे पुस्तक स्वतःहून त्याच पानावर उघडत होतं. म्हणजे तेच आमच्या घरचं आवडतं पान. सुमतीचं आणि माझं. मी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

छापील कृती साधीच होती, ओल्या खोबऱ्याची. शेवटी एक ओळ: 'आवडत असल्यास सोडे घालावेत.' त्या ओळीखाली पेन्सिलीनं जुनी रेघ मारलेली होती, ती तिच्या आईची असावी. समासात डाव्या बाजूला सुमतीचं अक्षर. तिचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. तारीख १२ जुलै ८७.

'सोड्यांऐवजी सुके खोबरे विस्तवावर काळे होईस्तोवर भाजून, वाटून घातले. त्याची सर येत नाही. बेचव. ह्यांना फार आवडले.'

मी ते वाचलं. परत वाचलं. सापडली होती चव. सुकं खोबरं, काळं होईपर्यंत. इतकं सोपं. एकशे बासष्ट पुस्तकांतल्या एकीनंही ते लिहिलं नव्हतं, कारण एकीलाही त्याची गरज पडली नव्हती.

बेचव. ह्यांना फार आवडले.

त्याखाली डावीकडे आणखी काही नव्हतं. पुढे तेहतीस वर्षं तिनं ते बिरडं केलं, दर श्रावणात, माझ्या वाढदिवसाला, विश्वजीतच्या बारशाला, मी मागेन तेव्हा. मी म्हणायचो, "सुमती, तुझ्या बिरड्याला तोड नाही." ती समोर बसून तेच खायची. मी आयुष्यभर इतरांच्या मालाची परीक्षा केली. समोरच्या पानातलं ती कसं गिळतेय, हे मला एकदाही दिसलं नाही.

पण ते पान इतकं तेलकट झालं होतं ते माझ्या बिरड्यामुळे नव्हतं. उजव्या समासात, त्या सोड्यांच्या ओळीशेजारी, वरपासून खालपर्यंत नुसत्या तारखा होत्या.

'१९ नोव्हें. ८७. ह्यांची वापी. सोडे घालून केले. एकटीपुरते. आईची आठवण झाली.' 'मार्च ८८. अंकलेश्वर. एकटीपुरते.' मी माल तपासायला बाहेरगावी जायचो, ते सगळे दौरे तिथे होते. मला स्वतःला आठवत नव्हते ते दौरेसुद्धा. 'ह्यांची वापी.' 'ह्यांची वापी.' 'ह्यांच्या आईचे वर्षश्राद्ध, हे साताऱ्याला. मला ताप म्हणून राहिले.' त्या वेळी तिला ताप आला म्हणून मी दोनदा फोन करून चौकशी केली होती. 'एकटीपुरते. खिडक्या आधीच उघडल्या.' आणि ९८ सालापासून शब्द बदलला होता. 'दोघींपुरते.'

मला क्षणभर कळेना दुसरी कोण. मग कळलं. ज्या बाईला मी भांडी किती ती, म्हणून घरी पाठवलं, ती. माझ्या स्वयंपाकघरात, मी वापीला असताना, त्या दोघी समोरासमोर बसून जेवत होत्या. अठरा वर्षं. गंगाबाईनं मला त्यातला एक शब्द सांगितला नव्हता. सांगेल कशी? तिला मी म्हणालो काय होतो, तर तुला वाचता येत नाही!

तारखा २०१६ पर्यंत दाट होत्या. मग मी निवृत्त झालो आणि घरी बसलो. पुढच्या चार वर्षांत दोनच तारखा आहेत. मी हैदराबादला विश्वजीतकडे गेलो होतो ती एक, आणि माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मी रात्रभर दवाखान्यात होतो, ती दुसरी. त्या दुसरीपुढे लिहिलंय, 'घाईत केले. तरी छान झाले.' त्यानंतर समास कोरा आहे.

मी घरी नव्हतो ते सगळे दिवस तिनं टिपून ठेवले होते. आणि मी चार वर्षं म्हणत होतो, की ती गेल्यापासून या घरात एकटं माणूस राहतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरण नाक्याच्या मासळी बाजारात गेलो. पनवेलमध्ये एकोणचाळीस वर्षं काढली, त्या कोपऱ्यावरून नाकाला रुमाल लावल्याशिवाय कधी गेलो नव्हतो. सुक्या मासळीच्या रांगेत एक म्हातारी बाई बसली होती. बाजूची तिला गोदूबाई म्हणत होती.

"सोडे पाहिजेत," मी म्हणालो. शब्द तोंडात नीट बसेना.

"किती मानसांना?"

मी विचार करत राहिलो. ती थांबली. गिऱ्हाईक नवीन आहे हे तिच्या लगेच ध्यानात आलं असावं.

"दोन," मी म्हणालो.

तिनं मूठ भरून कागदात टाकली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आणखी चिमूटभर टाकली. "पान्यात लई येळ ठेवू नको, दादा. चव जाते. आन तेलात परतताना पळू नको, वास तं येनारच."

वाल मी आदल्या रात्रीच भिजवून ठेवले होते. मोड यायला आणखी एक दिवस गेला. तो दिवस फार लांबला. विश्वजीतचा फोन आला, वार रविवार नसूनही. मी सांगितलं, सगळं ठीक आहे. मग वाल सोलायला बसलो. दोघांपुरते वाल सोलायला मला सव्वा तास लागला. सोलताना समोर नेहमीसारखं पुस्तक उघडं होतं, पण या वेळी मी त्याच्याशी बोललो नाही. काय बोलणार? तीन वर्षं अनोळखी बायकांना मीठ कमी-जास्त सांगत होतो. ही तर माझी होती, आणि हिला मी काहीच विचारलं नव्हतं.

तेल तापलं. हिंग, हळद, मग सोडे. वास आला. वास म्हणजे अंगावर येणारा वास. हात आपोआप खिडकीच्या कडीकडे गेला होता. तो मी मागे घेतला. घरातली एकही खिडकी मी उघडली नाही.

बिरडं झालं. आधी डबा काढला आणि निम्मं त्यात भरलं. तो शिरढोणचा डबा. दुपारच्या बसनं घेऊन जाणार होतो. गंगाबाईला काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं. डबा तिच्या हातात द्यायचा, एवढंच ठरवलं होतं. उरलेलं निम्मं माझ्या ताटात वाढून घेतलं. भात घेतला. बसलो.

अडुसष्ट वर्षांत पहिला घास. आवडला असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नाही आवडला. चिवट लागला, खारट लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच सोड्यांमुळे नव्हतं. मनात आलं, उठावं, ताट सिंकमध्ये ठेवावं. बघायला कोण आहे? मग मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्या खुर्चीत बसून ती तेहतीस वर्षं न आवडणारं बिरडं खात होती, आणि वर मला विचारत होती, "आणखी वाढू?"

मी दुसरा घास घेतला. मग तिसरा. सावकाश, शेवटपर्यंत. हात धुतले, पुसले, आणि पेन घेऊन पुस्तकापाशी आलो. उजव्या समासात, तिच्या शेवटच्या तारखेखाली, थोडी जागा शिल्लक होती. माझं अक्षर तिच्याइतकं सरळ येत नाही. तारीख घातली आणि लिहिलं:

'सोडे घालून केले. दोघांपुरते. मला आवडले नाही. पानात काही टाकले नाही.'